मास्तरांची उमेदवारी

मास्तरांनी हजेरीच्या वहीत सही केली, वेळेच्या रकान्यात 'नऊ' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"नऊ वाजून सात मिनिटं झालीत, बाबा," सूनबाई मान वर न करता म्हणाली.

"घड्याळ माझं आहे. मीच पुढे करून ठेवलंय."

"घड्याळ तुमचं, वही सरकारची."

मास्तरांनी टोपण काढलं आणि नऊच्या पुढे सात मिनिटं लिहिली. अडतीस वर्षं ज्या कारखान्याचं कुलूप त्यांनी स्वतःच्या हाताने उघडलं होतं, तिथे आज त्यांचा शिकाऊ उमेदवार म्हणून पहिला दिवस होता.

कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक मोरी. इथे कवळ्या बनत. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत, आणि नवखा माणूस आत आला की त्यांच्याकडे बघून आधी स्वतःचं तोंड मिटून घेई. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू मास्तरांच्या हातचं होतं, पण ते काही फ्रेम करून भिंतीवर लावता येत नाही. भिंतीवर होतं ते सूनबाईचं दोन वर्षांच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र. आणि नवा कायदा म्हणत होता, ज्याच्या नावावर कारखाना त्याच्याकडे प्रमाणपत्र हवं, तरच बाहेरचे शिकाऊ ठेवता येतील; नसेल तर त्याने प्रमाणपत्रवाल्याकडे उमेदवारी करावी.

"सहा महिने माझ्याकडे उमेदवारी करा, परीक्षा द्या, झालं," सूनबाईने फॉर्म पुढे सरकवत सांगितलं होतं. "नाहीतर शिकाऊ मिळणार नाहीत. मग तुमच्यानंतर इथे काय, जबड्यांचं संग्रहालय?"

खरं तर शिकाऊ पूर्वीही टिकले नव्हतेच. मास्तरांची शिकवण्याची पद्धत एकच: बघून शीक. आणि काम करताना ते असे वाकून बसत की बघायला त्यांची पाठ तेवढी मिळे. चारजण आले, प्लास्टर कालवून, फरशा पुसून, एकेक करून निघून गेले. एकाने मोबाइलचं दुकान काढलं आणि जाताना म्हणाला, मास्तर, तुमच्या सदऱ्याची शिवण तेवढी मला बिनचूक येते. सूनबाईनेही तीन वर्षं दाताच्या कण्या केल्या होत्या. दाढा लावायला मिळत, पॉलिश करायला मिळे. समोरच्या सहा दातांची वेळ आली की पाठ.

हल्ली मात्र मेणाची सुरी धरताना मास्तर मनगट टेबलाच्या कडेला टेकवत. कुणी बघितलं तर म्हणत, "जरा ऐटीत बसलोय."

पहिल्या दिवशी संध्याकाळी उमेदवाराने आपली रोजची वही भरून दिली. 'आज काय शिकलो' या मथळ्याखाली एक ओळ होती: 'दात लावले.'

सूनबाईने लाल पेनाने खाली लिहिलं: 'कसे?'

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी लिहिलं: 'नीट.'

"बाबा, हे चालणार नाही. निरीक्षक बाई दर महिन्याला वही तपासणार आहेत. कृती लिहायची, कारण लिहायचं."

"कारण काय कारण? हाताला कळतं."

"मग हाताला विचारून लिहा."

घरी बायकोने ताट वाढताना विचारलं, "काय मग, उमेदवार? मॅडम रागावल्या का?"

"दोनदा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ताट पुढे ओढलं. बायको पदराआड हसली नाही. समोरच हसली.

पण मास्तर हार मानणारे नव्हते. त्यांनी कायद्याची पुस्तिका वाचून काढली आणि तिसऱ्या दिवसापासून हक्क बजावायला सुरुवात केली.

"मॅडम, उमेदवाराला चहा करायला सांगता येत नाही. कलम सहा."

"मी कुठे सांगितला? तुम्हीच उठलात."

"सवयीने उठलो. आता बसतो. चहा तुम्ही करा." मग थोड्या वेळाने, "सलग दोन तास एकच काम द्यायचं नाही, असंही आहे. कलम आठ."

"कलम नऊही वाचा. उमेदवाराने प्रश्न विचारले पाहिजेत."

मास्तरांनी दोन दिवस विचार केला. मग कुणी ऐकत नाही असं बघून (ऐकायला फक्त जबडेच होते) विचारलं, "तुझ्या कवळीत बुडबुडे का येत नाहीत गं? माझ्या दहातल्या एकीत येतात."

"साचा शिजवताना तुम्ही पाणी एकदम उकळता. मी हळूहळू तापवते. तासभर जास्त लागतो."

"हं," मास्तर म्हणाले. "मला माहीत होतं ते. तुला माहीत आहे का ते बघत होतो."

त्या दिवशीच्या वहीत मात्र पहिल्यांदाच दोन ओळी आल्या.

अडचण उभी राहिली ती समोरच्या दातांना. डॉक्टरांनी एका निवृत्त मुख्याध्यापिकेला पाठवलं होतं. मेणात बसवलेले दात बाईंच्या तोंडात घालून बघायचे होते. मास्तरांनी नेहमीप्रमाणे पाठ केली, सहा दात लावले, बाईंना साठ ते सत्तर मोजायला लावले, एक दात केसभर आत ढकलला, पुन्हा मोजायला लावले. बाई खुशीत गेल्या. संध्याकाळी मास्तर वही उघडून बसले आणि बसूनच राहिले. पेन तोंडात, नजर छताला.

"काय झालं?"

"लिहिता येत नाही. मी काय करतो ते मला दिसतच नाही." त्यांनी खुर्ची ओढली, दिव्याकडे वळवली आणि मेणाचा दुसरा जबडा घेऊन बसले. या खेपेस त्यांची पाठ भिंतीकडे होती. "इकडे ये. दात लावताना माझा अंगठा काय करतो ते बघ आणि मला सांग."

सूनबाई ओट्याशी उभी होती. हात पुसायलाही थांबली नाही.

"अंगठा ओठाच्या जागी धरताय," ती हळूच म्हणाली. "जणू तिथे ओठ आहे."

"असं होय!" मास्तर अंगठ्याकडे बघत म्हणाले. "लिहून घेतो."

त्यानंतर वही भरायला लागली. 'फ म्हणायला सांगावं. वरच्या दातांची कड खालच्या ओठावर ओलं संपून कोरडं सुरू होतं तिथे टेकली पाहिजे.' 'साठच्या पुढे मोजताना शिट्टी वाजली तर दात दूर आहेत, जीभ अडखळली तर जवळ.' 'जुना फोटो मागावा. फोटोत माणूस हसत नसेल तर त्याच्या बहिणीचा मागावा.' 'एक दात किंचित वाकडा लावावा. सगळे सरळ लावले की कवळी बोलते आणि माणूस गप्प बसतो.' लाल पेन 'का?' विचारी, निळं पेन उत्तर देई. कधीकधी निळं पेन चिडे: 'इतकंही कळत नाही?' आणि तरी खाली कळेल असं लिही.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस निरीक्षक बाई आल्या. तीन महिने त्यांच्या जागी कुणीतरी दुसराच शिक्का मारून जात असे. या बाई खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि वही पहिल्यापासून वाचायला लागल्या. मधेच त्यांनी स्वतःशीच 'फ' म्हणून बघितलं. शेवटचं पान आलं तेव्हा चहा निवला होता.

"अशी वही मी बघितली नाही," त्या म्हणाल्या. मग फॉर्म चाळता चाळता थांबल्या. "उमेदवाराचा अनुभव, अडतीस वर्षं? मग ही उमेदवारी कशाला? वीस वर्षांच्या वर अनुभव असेल तर सूट आहे. एक अर्ज, एक सही, प्रमाणपत्र घरपोच."

"पुस्तिकेत तसं नाही," मास्तर म्हणाले. "मला पाठ आहे ती."

"पुरवणीत आहे. उमेदवारी सुरू व्हायच्या आधीच सगळ्या कारखान्यांना टपालाने गेली." बाईंनी पिशवीतून कागद काढला. "हे बघा, तुमची पोचही आहे. ही सही…" त्यांनी चष्म्यावरून सूनबाईकडे बघितलं.

सूनबाईने घाईघाईने पॉलिशचं चाक सुरू केलं होतं. चाक गरगरा फिरत होतं. तिच्या हातात कवळी नव्हती.

मास्तरांचे कान लाल झाले. चार महिने. नऊ वाजून सात मिनिटं. मॅडम. त्यांनी सुनेकडे बघितलं, तिने चाकाकडे.

"अर्ज आहे माझ्याकडे," निरीक्षक बाईंनी कागद त्यांच्यासमोर ठेवला. "इथे सही करा, आत्ताच मोकळे व्हाल. वही वगैरे काही नको मग."

मास्तरांनी पेन उचललं. मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, मग वही जवळ ओढून शेवटचं पान बघितलं.

"उमेदवारीचे किती दिवस उरलेत?"

"दोन महिने. पण तुम्हाला कशाला…"

"मग अर्ज राहू द्या," मास्तर म्हणाले. "वरची झाली. खालची कवळी अजून यायची आहे मला. फार अवघड असते ती. जीभ उचलून टाकते."

चाक थांबलं. निरीक्षक बाईंनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं, अर्ज घडी करून पिशवीत टाकला आणि शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ काहीतरी लिहिलं. त्या गेल्यावर मास्तरांनी चष्मा चढवून वाचलं:

'उमेदवार मेहनती, पण गती फार कमी. गरज पडल्यास मुदत वाढवावी.'

"बाई हुशार आहेत," मास्तर म्हणाले, आणि खालच्या जबड्याचा साचा फळीवरून काढून त्यांनी दिव्याखाली ठेवला, सूनबाईच्या बाजूला.