आट्याचं की मोकळं?

दहा मिलीमीटरच्या स्क्रूला भोक साडेआठचं पाडायचं असतं. उरतो तो दीड मिलीमीटर धातू, त्यात आटे कापायचे आणि त्या आट्यांना धरून स्क्रू घट्ट बसतो. पट्टीत भोकच दहाचं पाडलं तर स्क्रू सरळ आत जातो आणि पट्टी उलटी केली की सरळ खाली पडतो. आयटीआयतल्या पोरांना हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी डिप्लोमाला पहिल्या वर्गात आले, नऊ वर्षं कॉम्प्युटरवर डिझाइन करते आहे, आणि मी तीनशे साठ पट्ट्यांना प्रत्येकी चार भोकं दहाची पाडून घेतली.

पाडून घेतली म्हणते, कारण प्रत्यक्षात पाडली भैरूने. भैरू आमचा मशीनवरचा माणूस, गडहिंग्लजकडचा. गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात तो अकरा वर्षं कंत्राटावर होता. औषधाच्या गोळ्या भरणाऱ्या यंत्रांचे अॅल्युमिनियमचे सुटे भाग आम्ही करतो. त्या महिन्यात तिघांना कायम करायचं ठरलं होतं आणि यादीत पहिलं नाव भैरूचं होतं. बायको हौसा आणि दहावीतली मुलगी योगिता, अशी तिघं व्हाळशीला भाड्याच्या खोलीत राहायची. कायम झालो की इथेच राहायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

आटे कॉम्प्युटरवर दोन तऱ्हांनी काढता येतात. एक, खरेखुरे वळसे कापून. दिसतात देखणे, पण चार भोकांतच कॉम्प्युटरला धाप लागते. दुसरी तऱ्हा म्हणजे साधं भोक ठेवायचं आणि त्यावर आट्यांचं नुसतं चित्र चिकटवायचं. कामाला हे पुरतं, फक्त भोकाचं माप साडेआठ ठेवायला विसरायचं नाही.

गिऱ्हाइकाच्या नव्या इंजिनियरला खरे आटे बघायची हौस होती. मी काढले. दोन दिवसांत कॉम्प्युटर सात वेळा अडकला. मग आमचे मॅनेजर गोकुळदासबाब म्हणाले, दाखवण्यापुरती हलकी फाइल कर. मी वैतागून एक प्रत केली, भोक सरळ दहाचं आणि वर चित्र. पडद्यावर ती इतकी खरी दिसत होती की मीच फसले. दाखवायची फाइल मशीनला गेली आणि मशीनची माझ्याकडे राहिली. मशीनसाठी फाइल बदलली की चित्र गळून जातं. खाली भैरूच्या पडद्यावर उरलं ते दहाचं गुळगुळीत भोक.

सोमवारी सकाळी तो वर आला. आमच्या डिझाइनच्या खोलीला कारखान्याच्या बाजूने एक जनेल, म्हणजे खिडकी आहे, खालची माणसं तिथूनच बोलतात. आत यायला कुणी मनाई केलेली नाही, पण कपडे तेलकट असतात म्हणून ती आपणहून येत नाहीत.

"म्याडम, ही चार भोकं आट्याची की मोकळी?"

"फाइलमध्ये काय आहे?"

"मोकळी दिसत्यात. पर हितं स्क्रू बसत असंल न्हवं?"

"मग दिसतं तेच करा. भैरू, डिझाइन तुम्ही करता की मी?"

त्याच क्षणी माझा कॉम्प्युटर आठव्यांदा अडकला होता. वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी, दुसरं काय. आमच्या हळर्णच्या घरात माझी जीभ प्रसिद्ध आहे. आई म्हणते, उचलली जीभ लावली टाळ्याला. दुपारी तो पुन्हा आला, पहिली पट्टी हातात घेऊन. मी मान वर केली नाही. "तपासणीला द्या," म्हणाले. तपासणीवाल्या श्रीनाथने त्याच फाइलवरून निघालेल्या माझ्याच कागदाशी माप ताडून पाहिलं. दहा लिहिलंय, दहा भरलं, बरोबर. चार दिवसांत तीनशे साठ पट्ट्या तयार झाल्या आणि शनिवारी रवाना झाल्या.

बुधवारी गिऱ्हाइकाकडून व्हिडिओ आला. एक हात पट्टीत स्क्रू घालतो, पट्टी उलटी करतो, स्क्रू टेबलावर पडतो. पाच स्क्रू, पाच वेळा. मी तो गोकुळदासबाबांच्या मोबाइलवर पाहिला. तिथल्या तिथे सांगून टाकलं, चूक माझी. भैरूने दोनदा विचारलं होतं, मीच ऐकलं नाही.

त्यांनी मला बसायला सांगितलं. वाईट माणूस नाही तो. मुंजीला, बारशाला सगळ्यांकडे जातो.

"आयक बाये," ते म्हणाले. "तुजें नांव घाल्लें जाल्यार तांचो मनीस हांगा येतलो आनी आमची चवदाय ड्रॉइंगां उकती करून बसतलो. काम बंद जातलें. म्हज्याकडे तीस मनीस आसात."

"चौदाही ड्रॉइंगं उघडून तपासतील, बरं. आणि अहवालात भैरूचं नाव घातलं तर?"

"जाल्यार एक मनीस बदल्लो म्हणून बरोवपाचें. फाइल बंद."

माणूस बदलला एवढं लिहायचं, की संपलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी भांडले. भांडायला मी कधी मागे नाही. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, तुका जाय तें कर.

मला हवं ते मी केलं. गिऱ्हाइकाला स्वतःच्या नावाने मेल लिहिला, चूक डिझाइनची आहे, ऑपरेटरची नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आपला मेल मिळाला, कृपया माहिती ठरावीक नमुन्यात, अधिकृत सहीने पाठवावी. अधिकृत सही गोकुळदासबाबांची. भैरूनेही उपाय सुचवला होता, दहाच्या भोकात बाराचे आटे पाडू, नाहीतर आत तारेचं वेटोळं बसवू, पट्ट्या वाया जाणार नाहीत. तोही गिऱ्हाइकाला विचारून पाहिला. औषधाच्या यंत्रात असली ठिगळं चालत नाहीत, असं कळवलं त्यांनी.

तो ठरावीक नमुना मला पाठ आहे. त्याला आम्ही 'पाच का' म्हणतो. चूक झाली की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं, असा समज आहे. तो टाइप करायचं काम माझ्याकडेच आलं, कारण कारखान्यात इंग्रजी बरं लिहिते ती मीच. गोकुळदासबाब शेजारी उभे राहून सांगत होते. स्क्रू का बसत नाही? आटे नाहीत. आटे का नाहीत? ऑपरेटरने पाडले नाहीत. का पाडले नाहीत? त्याच्या लक्षात आलं नाही. मग त्याने विचारलं का नाही?

इथे मी थांबले. "त्याने विचारलं होतं," म्हणाले.

"बरय तशें. 'विचारलें, पूण डिझायनरान आयकलें ना.' आनी मागीर पांचवें का? 'डिझायनरान कित्याक आयकलें ना?' ताका जाप किदें बरयतली?"

काय लिहिणार? उत्तर होतं माझ्याकडे. डिझायनरची जीभ, तिचा माज, आणि विचारणाऱ्याचे तेलकट कपडे. पण असलं उत्तर लिहून खाली उपायाच्या रकान्यात काय घालणार? मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. शेवटी टाइप केलं ते असं: ऑपरेटरला विचारण्याची सवय नाही. सवय का नाही? प्रशिक्षण कमी पडलं. उपाय: सदर ऑपरेटरला कमी केलं आहे.

पुढच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत भैरू सही करायला आला. हात धुऊन, कोरडे करून आला होता आणि पहिल्यांदाच दारातून आत आला. खुर्चीवर बसला नाही. कागद इंग्रजीत होता.

"वाचून दावा म्याडम."

मी वाचलं, मराठी करून, एकही शब्द न गाळता. गाळला असता तरी त्याला कळलं नसतं, पण तेवढं पाप मी नाही केलं. चौथ्या ओळीला तो म्हणाला, "इचारलं हुतं की."

"हो."

"दोन बारी."

"हो. मी सांगितलं सगळ्यांना. कुणी लिहून घेत नाही."

त्याने मान हलवली, सांगितलं तिथे सही केली. सही सावकाश करतो तो, भैरू आणि पुढे बापाचं नाव, पूर्ण. मला वाटलं आता जाईल. गेला नाही.

"एक काम करा. मराठीत लिवून द्या येका कागदावर, भैरूनं इचारलं हुतं म्हणून. खाली तुमची सही. कंपनीला न्हाई दावत कुटं. हौसाला दावायचाय."

"तिला कशाला?"

"ती म्हनती, तू इचारलंच नसशील. घरात बी तू कुनाला काय इचारत न्हाईस. येवढी शिकल्याली मान्सं खोटं कशाला लिवतील, म्हनती. पोरगी बी तसंच म्हनती. नोकरीचं जाऊ द्या, मिळंल गडहिंग्लजला कायतरी. पर ह्या दोघींनी असं म्हनू ने."

मी कोरा कागद घेतला. लिहिलं: सोमवारी भैरू यांनी मला दोन वेळा विचारलं की ही भोकं आट्याची की मोकळी. मी लक्ष दिलं नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही. चारच ओळी, माझ्या चांगल्या अक्षरात.

आणि सही करायला पेन टेकवलं, तिथे ते थांबलं. कागद आहे, हौसाकडून कुणाकडेही जाईल. एखादा म्हणेल चला लेबर ऑफिसला. मग नमुन्यावर मी टाइप केलेलं आणि इथे मी लिहिलेलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवतील. आठ दिवस मी चिडत होते, गोकुळदासबाबांवर, त्या इंजिनियरवर, कॉम्प्युटरवर, की माझ्या हातात काहीच नाही. आता होतं, आणि मला ते करवेना. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला. भैरू तो ठिपका बघत उभा होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

खाली सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"ऱ्हाऊ द्या म्याडम," तो म्हणाला. कागद त्याने माझ्या हाताखालून हळूच ओढून घेतला आणि चार घड्या घालून खिशात ठेवला. "येवढं बी पुरं हाय. अक्षर तुमचं हाय म्हनून सांगतो तिला."

"मानेल ती?"

"बघू."

मानणार नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. बिनसहीचा कागद कुणीही लिहील, तो स्वतःही लिहील, असंच म्हणणार ती, आणि तिचं काय चुकलं? भैरू जिना उतरून खाली जाईपर्यंत मी बसून होते. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती.