पन्नास वादळं, क की ग

आमच्या गावात चौसष्ट घरं आहेत आणि त्यातल्या एकसष्ट घरांचं आडनाव एकच. लिहायचं तर चित्रलिपीतली तीन अक्षरं, अर्थ पन्नास वादळं. वाचायचं मात्र दोन तऱ्हांनी. नदीच्या या वरच्या खोऱ्यात आम्ही इकाराशी म्हणतो, आणि खोरं उतरून खाली गेलं की सगळं जग इगाराशी म्हणतं. लिहिताना काडीचा फरक नाही. फरक तोंडातला, एका क चा.

सगळ्यांचं आडनाव एकच असल्यावर त्याचा गावात उपयोग तरी काय? म्हणून घराला नाव असतं, तेच माणसाला. आमच्या अंगणात जुनी तुती आहे म्हणून आम्ही तुतीखालचे. पुलाच्या पलीकडे राहतात ते पुलापलीकडचे. ज्यांचे आजोबा चाळण्या विणायचे ते चाळणीवाले, जरी आताचे चाळणीवाले शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक असले तरी. मी तुतीखालची मित्सुए, वय बहात्तर. गावच्या कर्ण्यावरून सूचना वाचायचं काम तीस वर्षं माझ्याकडे आहे. अस्वल दिसलं, पाणी बंद राहील, अमुक घरचे आजोबा वारले. प्रत्येक सूचना दोनदा वाचायची, कारण पहिल्यांदा कोणी ऐकत नाही.

यंदा उन्हाळ्यात घरोघर टपालानं कार्डं आली आणि सगळा घोळ सुरू झाला. सरकारनं ठरवलं होतं की कुटुंबाच्या नोंदीत आता नाव नुसतं लिहिलेलं चालणार नाही, त्याचा उच्चारही हवा. कार्डावर उच्चार छापलेला होता. चुकीचा असेल तर येत्या मेपर्यंत कळवा, काही कळवलं नाही तर तोच कायमचा.

पुलापलीकडची योशिनो कार्ड नाचवतच माझ्याकडे आली. "बघ गं बाई! नवऱ्याचं क आलंय आणि माझं ग! लग्नाला बावन्न वर्षं झाली, आणि आता कळतंय की मी भलत्याच घरची!"

"माझंही ग आलंय," मी म्हणाले.

"तुझं? तू तर अख्ख्या गावाला क शिकवतेस!"

चूक कोणाचीच नव्हती. आम्ही खाली शहरात गेलो की दवाखान्यात, बँकेत, टपालात ग सांगतो, कारण क सांगितला की समोरचा दोनदा विचारतो आणि मागे रांग खोळंबते. ते ग कुठे कुठे साठत गेले आणि आता छापून परत आले. अर्ध्या गावाचा क, अर्ध्याचा ग. एका घरात तर आजीचा क, सुनेचा ग आणि नातवाच्या कार्डावर आणखी तिसरंच काहीतरी.

अशात चाळणीवाल्या मास्तरांना उत्सवाची कल्पना सुचली. शरदातल्या देवळाच्या उत्सवाला समाजमंदिरात प्रदर्शन भरवायचं, 'पन्नास वादळांची नामवंत माणसं'. देशभरात या आडनावाची जी जी माणसं गाजली त्यांची छायाचित्रं आणि माहिती. उजव्या भिंतीवर क, डाव्या भिंतीवर ग.

"पण मास्तर, लिहिलेलं तर सारखंच. कोण क आणि कोण ग ते कळणार कसं?"

"फोन करून विचारायचं. तुमचा आवाज चांगला आहे, तुम्ही विचारा."

झालं. तीन आठवडे मी फोनला चिकटून होते. स्कीवरून उडी मारण्यात पदक मिळवलेल्या मुलाची आई म्हणाली, "आम्ही ग म्हणतो हो, पण सासरे क म्हणायचे, आणि ते वारताना काय म्हणाले ते आठवत नाही." शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांनी मला अर्धा तास शेवाळाविषयी सांगितलं आणि आडनावाचं सांगायचं राहून गेलं. एक बाई टीव्हीवर हवामान सांगतात. पन्नास वादळं आडनाव आणि काम हवामानाचं, मला बोलताना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "टीव्हीवर ग, माहेरी क." मास्तरांनी डोकं खाजवलं आणि त्यांचा फोटो दोन्ही भिंतींच्या मधे, दारावर लावायचं ठरवलं.

"म्हणजे आत येणारा प्रत्येक जण तिच्या हनुवटीखालून येणार," योशिनो म्हणाली.

"मग तुम्ही सांगा दुसरी जागा!"

"मी काय सांगू? मी ग आहे ना, मला बोलायचा अधिकारच नाही."

मी हसत होते, पण माझं लक्ष मास्तरांच्या यादीतल्या सतराव्या नावाकडे होतं. ते नाव मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि त्याला फोन करायचं रोज उद्यावर ढकलत होते.

सतरावा माणूस दूर उत्तरेला होक्काइदो बेटावर राहणारा झाडांचा वैद्य होता. वठत चाललेली चेरीची जुनी झाडं तो वाचवतो, असं मासिकाच्या कात्रणात लिहिलं होतं. फोटोत तो शिडीवर पाठमोरा, डोक्याला हेल्मेट. आणि नावाचं अक्षर होतं इसाओचं. माझ्या भावाचं.

इसाओ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. शेहेचाळीस वर्षांपूर्वी घरामागची देवदाराची झाडं वडिलांनी विकायला काढली, छप्पर नवं करायचं होतं. इसाओ झाडांना आडवा झाला. दोघंही एकाच मातीचे, कोणी मागे हटेना. झाडं पडली त्याच दिवशी तो पिशवी उचलून निघाला. वडील ओट्यावरून ओरडले, "जा! पण हा उंबरा ओलांडलास तर आमचं नाव लावायचं नाही!" रागात माणूस काहीही बोलतो. पहिल्या वर्षी त्याची दोन पत्रं आली, ती वडिलांनी न फोडता चुलीत घातली. घर चालवायला माझ्यासाठी घरजावई आणला. पुढे वडील गेले, आई गेली, माझा नवराही गेला. वडील वारल्यावर मी कागदपत्रांवरून पत्ता काढून लिहिलं, तर पत्र तसंच परत आलं. गावात कोणी विचारलं तर मी सांगायचे, असेल कुठेतरी. मनात मात्र मी त्याला बहुतेक गेलेला धरला होता, आणि असं धरल्याबद्दल मला स्वतःची लाज वाटायची.

शेवटी एके सकाळी नंबर फिरवला.

"हॅलो, इगाराशी," पलीकडून जाड, घसा बसलेल्या माणसाचा आवाज आला.

ग. अगदी स्वच्छ ग. तरीही मी खात्रीसाठी विचारलं. प्रदर्शनाचं सांगितलं, आपलं आडनाव क नं की ग नं, असं विचारलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "ग नं."

"नक्की?"

"हो. ग नं."

मी आभार मानून फोन ठेवला आणि यादीत सतराव्या नावापुढे ग लिहिला. माझा भाऊ नव्हता तो. इसाओ सहावीत असताना शहरातून नवे गुरुजी आले होते, त्यांनी हजेरीत ग म्हटलं तर हा पठ्ठ्या हजेरीच देईना. आठवडाभर वर्गाबाहेर उभा राहिला, पण ग ला ओ दिली नाही. तो माणूस मरेल पण ग म्हणणार नाही. मला एवढी खात्री होती की मी रडलेसुद्धा.

योशिनोला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पण तू दवाखान्यात ग म्हणतेस ना?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"मी इसाओ नाही."

"हे काय उत्तर झालं?" ती म्हणाली. मलाही ते उत्तर वाटलं नाही, पण दुसरं सुचत नव्हतं. दोन दिवस डोक्याचा नुसता भुगा झाला. तो असेल तर ग कसा म्हणेल? तो नसेल तर क की ग विचारल्यावर एवढा वेळ गप्प का राहिला? ज्याला आपलं आडनाव ठाऊक आहे त्याला विचार कशाला करावा लागतो?

उत्सवाला चार दिवस उरले. माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी जांभळ्या शेवंतीच्या पाकळ्या खुडत बसलो होतो, उत्सवाच्या जेवणासाठी व्हिनेगरात घालायला दोन टोपल्या करायच्या होत्या. चुलीवर अळकुड्यांचं कालवण शिजत होतं. तेवढ्यात मास्तर दारात उभे.

"तुतीखालच्या बाई, त्या झाडवैद्याचा तोंडाचा फोटो हवा. भिंतीवर पाठ कशी लावायची? लोक म्हणतील ग वाल्यांना आम्ही पाठमोरं टांगलं."

"तुम्हीच करा फोन."

"माझ्या आवाजाला लोक घाबरतात."

"अजून घाबरतात," योशिनो म्हणाली. "आमचा थोरला पन्नाशीचा झाला, तुम्हाला बघून अजून शर्टाची बटणं लावतो."

दोघांची जुंपली. ती म्हणत होती की मास्तरांनी तिच्या थोरल्याला उगाच नापास केलं होतं, आणि मास्तर म्हणत होते की तो उत्तरपत्रिकेवर स्वतःचं नावसुद्धा चुकीचं लिहायचा. मी एका हातानं कालवण ढवळत दुसऱ्या हातानं नंबर फिरवला, रिसीव्हर खांद्यात धरला आणि मास्तरांना ओरडले, "अहो, जरा हळू! ऐकू येत नाही!" आणि पलीकडे फोन उचलला गेला तेव्हा माझ्या तोंडून, आयुष्यभर निघत आलं तेच निघालं.

"हॅलो, मी तुतीखालची बोलतेय."

बाहेरच्या माणसाला असं कोणी सांगतं का? त्याला काय कळणार, कुठली तुती आणि कुठली खालची. मी जीभ चावली. माफी मागून आडनाव सांगणार, तर तेही क नं सांगू की ग नं, याचाच गोंधळ. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, त्यानं फोन ठेवला.

मग तो जाड आवाज म्हणाला, "तुती आहे अजून?"

माझ्या हातातला डाव कालवणात पडला.

"आहे," मी म्हणाले. "पोकळ झालीय. दोन टेकू दिलेत."

"टेकू कुठून दिलेत? नदीच्या बाजूनं की..." तो मधेच थांबला. "मित्सुए ताई?"

मला रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग. असा राग मला वडील गेल्यापासून आला नव्हता.

"मेल्या, मागच्या वेळी ग का म्हणालास? विचारलं ना मी? दोनदा विचारलं!"

"तुला नाही ओळखलं गं. कोणीतरी संस्थेच्या बाई वाटल्या."

"आणि ग? तू? आठवडाभर वर्गाबाहेर उभा राहिलेला तू?"

तो मग सावकाश म्हणाला, "बाबा म्हणाले होते ना, आमचं नाव लावायचं नाही. लिहिण्यातलं बदलता येत नव्हतं. मग बोलण्यातलं बदललं. त्या दिवसापासून एकदाही नाही लावलं ताई."

एवढी वर्षं मी समजत होते की तो बापाला झुगारून गेला. आणि हा वेडा तिकडे दूर बसून बापाचा शब्द पाळत होता, रोज, प्रत्येक फोन उचलताना.

"बाबा गेले रे," मी म्हणाले. "एकवीस वर्षं झाली. शेवटच्या हिवाळ्यात रोज विचारायचे, तुतीवरचा बर्फ कोण झाडतंय? मी म्हणायचे, मी झाडते. तर म्हणायचे, तुला नाही जमत, त्याला जमायचं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मलाही ते कार्ड आलंय ताई. ग छापलाय. काही केलं नाही तर तोच पक्का होईल. तीन महिने टेबलावर पडलंय. बदलायला पेन उचलतो, पण परवानगी कोणाची घेऊ, तेच कळत नाही."

"माझी घे," मी म्हणाले. "तुतीखालचं घर आता मीच आहे. क लिही."

"क?"

"क. आणि उत्सवाला ये. अळकुड्यांचं कालवण केलंय, आता त्यात डाव बुडालाय ते सोड."

मास्तर हातातला फलक धरून दारातच उभे होते. त्यांनी खुणेनं विचारलं, कुठली भिंत? मी उजवीकडे हात केला. योशिनो मात्र शेवंतीच्या टोपलीत तोंड घालून हमसाहमशी रडत होती.

"ताई," तो म्हणाला, "ते नाव एकदा म्हणून दाखव ना. इतक्या वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलं नाही."

मी ताठ उभी राहिले, घसा साफ केला आणि कर्ण्यावर सूचना वाचते त्याच आवाजात, सावकाश, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "इकाराशी इसाओ."

मग थोडी थांबले आणि पुन्हा एकदा म्हणाले.