चाकामागचा ठोकळा

चढाच्या पायथ्याशी त्यानं गाडी थांबवली आणि खाली उतरून लेथ मशीनच्या दोऱ्या पुन्हा एकदा ओढून पाहिल्या. सातशे किलोचं बिडाचं धूड, आणि त्याखाली त्याची पंचेचाळीस वर्षांची पिकअप. इंजिन एवढंसं, की धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, ही गाडी नव्हे, शिलाई मशीनची मावसबहीण आहे."

चेष्टा करायचा, पण चढावर तिच्या मागं मागं चालायचाही तोच, हातात लाकडी ठोकळा घेऊन. इंजिन तापलं की दादा ब्रेक दाबून ओरडायचा, "लाव!" ठोकळा मागच्या चाकाला टेकायचा, "लावला!" असा आवाज यायचा, मगच दादा पाय काढायचा. हँडब्रेकवर तिच्या पहिल्या मालकाचाही भरवसा नव्हता. एकानं पुढं बघायचं, एकानं मागं. सव्वीस वर्षं दोघे भाऊ एकमेकांचं तोंड न बघता बोलत आले.

दोन महिन्यांपूर्वी भांडण झालं. "माझे गुडघे झिजले तुझ्या म्हातारीमागं," म्हणत धाकटा मोठ्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून निघून गेला. तेव्हापासून ना फोन, ना निरोप. दादानं हलकी भाडी केली. गाद्या, खुर्च्या, फुलझाडांच्या कुंड्या. चढाचं काम आज पहिलंच. मनाशी ठरलं होतं: नाही जमलं, तर धाकट्याला फोन करायचा. कामासाठी केलेल्या फोनला कमीपणा नसतो.

पहिल्या गिअरात गाडी कण्हत निघाली. पिशवी घेतलेली एक बाई चालत तिच्या पुढं निघून गेली. पहिल्या थांब्याला त्यानं हँडब्रेक ओढला, धावत मागं जाऊन ठोकळा सरकवला. निभावलं.

दुसऱ्या थांब्याला बॉनेटमधून वाफ आली. त्यानं ब्रेक दाबला. "लाव!" तो ओरडला, आणि पाय काढला.

गाडी मागं निघाली. दोऱ्यांत मशीन करकरलं. त्यानं ब्रेकवर दोन्ही पाय दिले, स्टिअरिंग पिळलं. मागचं चाक फुटपाथच्या दगडी कडेला धडकून थांबलं.

वरच्या खिडकीतून एक आजी वाकल्या. "अहो, कुणाला हाका मारताय? मागं तर कुणीच नाही."

"सवय," तो म्हणाला.

त्यानं फोन काढला. आता कारण होतं, अगदी खरंखुरं. बोट धाकट्याच्या नावावर, नजर मात्र शेजारी सीटवर पडलेल्या ठोकळ्यावर. हातांना आयुष्यभराचं वळण. मन कुठंही असो, ओझं पुढं न्यायचं. फोन सीटवर ठेवून त्यानं जादा दोरी काढली. ठोकळ्याला दोन्हीकडून बांधली, वरची टोकं गाडीच्या हौद्याला. लांबी अशी बेतली, की ठोकळा चाकामागं चार बोटांवर फरफटत येईल, आणि गाडी मागं सरली तर आपोआप चाकाखाली जाईल.

एवढं सोपं. सव्वीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं, की सुचू दिलं नव्हतं?

पुढचे तिन्ही थांबे ठोकळ्यानं मुकाट्यानं सांभाळले.

माथ्यावरच्या वर्कशॉपच्या मालकीणबाई दारातच होत्या. "एकटेच? भाऊ कुठंय?"

"दुसरीकडं असतो आता."

"आणि तरी चढवलंत? मग बुधवारी ड्रिलिंग मशीन आणाल? नऊशे किलो आहे. नाहीतर मोठा ट्रक सांगते."

"आणीन की."

मशीन उतरवलं. तो सीटवर येऊन बसला. फोनवर धाकट्याचं नाव तसंच उघडं होतं. काय सांगून लावावा? चढ जमला होता. बुधवारचाही जमणार होता. गाडीचं काही बिघडलं नव्हतं, त्याचंही काही दुखत नव्हतं. नुसतं 'कसा आहेस' असं ते दोघं एकमेकांना कधी म्हणालेच नव्हते.

बराच वेळ त्यानं दुसरं काही कारण शोधलं. मग फोन खिशात घातला आणि गाडी उताराला लावली.