नोन्नाचा टोमॅटो

बायको नोन्ना गेली त्या हिवाळ्यानंतरच्या मार्चमध्ये सावेलीने तिचं टोमॅटोचं बी भाजून टाकलं. मुद्दाम नव्हे. पेरण्याआधी बियांना ऊब द्यायची असते एवढं त्याला ठाऊक होतं. ती त्यांची पुरचुंडी पोलक्यात खोचून घरभर कामं करत फिरायची, हे मात्र इतक्या वर्षांच्या संसारात त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याने ती पुरचुंडी मोठ्या चुलीवर ठेवली आणि विसरून गेला. खिडकीतल्या खोक्यांना तो महिनाभर पाणी घालत राहिला, पण माती काळीच राहिली.

"नोन्ना असती तर लाटणं घेऊन मागे लागली असती तुझ्या," शेजारची कपितोलिना कुंपणावरून म्हणाली. "जाऊ दे. माझी हॉलंडची रोपं घे. गोल गरगरीत फळ येतं."

"आणि चवीला?"

"चवीला पाणी. पण गेलेल्या बाईच्या मागे झुरण्यापेक्षा बरं."

सावेलीला गोल गरगरीत काही नको होतं. त्याला तोच टोमॅटो हवा होता: जांभळट, काळजाच्या आकाराचा, देठाशी हिरवाच राहणारा, पोटावर शिवणीसारखी रेघ असलेला. त्याच्यामुळेच तर त्याचं लग्न झालं. ओका नदीच्या धक्क्यावर एक मुलगी रोपं विकत बसली होती. बोलायला निमित्त म्हणून त्याने एक घेतलं आणि शहरी वळणाने 'धन्यवाद' म्हणायला तोंड उघडलं, तर तिने मातीने भरलेला डावा हात सरळ त्याच्या तोंडावर दाबला. रोपाबियांच्या देण्याघेण्यात आभार मानले की ते धरत नाही, हे कारखान्यातल्या पोराला कोण सांगणार? रोप धरलं, लग्नही धरलं, आणि बागेत तो शब्द पुन्हा कधी कुणी उच्चारला नाही. आता ना ती होती, ना रोप, आणि संध्याकाळ झाली की सावेलीवर भिंतीशी बोलायची पाळी येत होती.

एका कागदाच्या तुकड्याला चिकटून राहिलेलं थोडंसं बी तेवढं भाजायचं वाचलं होतं. ते पेरायचा त्याला धीर होईना. तेही गेलं तर तिचं म्हणून काहीच उरणार नव्हतं. म्हणून तो कागद खिशात घालून तो त्या टोमॅटोचं मूळ शोधायला निघाला. जिथून आला तिथे बी असणारच.

तालुक्याच्या बाजारातल्या बीवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, की ही जात जुन्या मठातली. त्याच्याकडच्या प्रत्येक जातीचं मूळ मठातच होतं. सावेलीने त्याला तिथेच सोडलं आणि नोन्नाच्या थोरल्या चुलत बहिणीचं, अग्नियाचं, घर गाठलं.

"या, जावईबापू! बायको गेली तेव्हा आठवण झाली होय मेव्हणीची?" असं म्हणता म्हणता तिचेच डोळे भरले. "मीच दिलं होतं तिला ते बी, लग्नाच्या आधी. आता नाही माझ्याकडे. मला उल्यानानं दिलेलं, नावाड्याच्या बायकोनं. आमचा पोरगा कोल्या फौजेतून सुटून आला ना, त्या उन्हाळ्यात."

सावेलीच्या लग्नात कोल्या रांगत होता. सावेलीने चहाचा पेला खाली ठेवला. म्हातारपणी होतो असा घोळ, त्याने स्वतःला समजावलं.

नावाडी केव्हाच वारला होता. उल्याना नदीकाठच्या घरात एकटीच राहत होती. "मला होय? ग्लुशित्सीच्या माव्रानं दिलं," ती म्हणाली. "पूल झाला आणि आमची नाव बंद पडली, तेव्हा."

पूल खिडकीतून दिसत होता. कठड्यांचा रंग अजून नवा होता.

"पण तुम्ही ते अग्नियाला दिलंत."

"दिलं की."

"कधी?"

"कोल्या सुटून आला तेव्हा." तिने सहज सांगितलं आणि त्याच्या बशीत आणखी मुरंबा वाढला.

मुळाकडे जावं तशी वर्षं मागे जायला हवी होती, आणि ती तर पुढे येत होती. इथूनच परतावं असं सावेलीला वाटलं. पण घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून तो पुढे गेला.

ग्लुशित्सीत एकाच घरातून धूर निघत होता. माव्रा दारातच उभी होती, खूप म्हातारी, कमरेत वाकलेली.

"उंबऱ्यावरून नको," ती म्हणाली. "आत ये, मग दे."

"काय देऊ?"

"बी. यंदा आणणार होतास ना?"

तिच्या खिडकीत माती भरलेली खोकी तयार होती. सावेलीने खिशावर हात दाबून धरला.

"माझ्याकडे एवढंच उरलंय, आजी."

"एवढंच लागतं, बाळा."

"तुम्ही ते कुणाला देणार?"

"उल्यानाला. उल्याना अग्नियाला देईल. अग्निया एका पोरीला, डावखुरी आहे ती. ती धक्क्यावर रोपं विकायला बसेल." माव्राने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "पुढचं तुला माहीत आहे."

माहीत होतं. कसं, का, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला आनंद झाला. त्याने तो कागद तिच्या तळव्यावर ठेवला, आणि तोंडातून तो शब्द आपसूक निघून गेला.

"धन्यवाद."

तोंडावर दाबायला कुणाचा हात नव्हता.

माव्रा रागावली नाही. तिने तो कागद हलकेच मिटला आणि चुलीजवळच्या सरपणावर ठेवला.

"चहा घेऊन जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सावेली घरी पोचला तेव्हा कपितोलिना कोबीच्या सूपचं गरम भांडं घेऊन कुंपणाशी आली.

"कुठे गायब होतास रे?"

"नोन्नाच्या टोमॅटोचं मूळ सापडलं," सावेली म्हणाला.

"कोण नोन्ना?" कपितोलिनाने विचारलं. भांडं त्याच्या हातात देताना मात्र तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ झाला.

"लग्न करायला हवं होतंस रे तू, वेळेवर."