हेड किती?

मखमलाबादच्या शिवारात कुणाला विहिरीवर मोटर बसवायची असली की तो आधी खंडेराव विधात्यांच्या ओट्यावर येई. खंडेराव गुलाब आणि शेवंती पिकवणारे माळी. मोटरीचं शिक्षण कुठे घेतलेलं नव्हतं, पण पंचक्रोशीतल्या विहिरींचं पाणी त्यांना तोंडपाठ होतं. चहा सांगून झाला की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "हेड किती?" म्हणजे पाणी किती उंच चढवायचं आहे.

"दुकानदार म्हणतो, धो धो पाणी टाकती," पाहुणा सांगे.

"त्याच्या दुकानात टाकती. तुमच्या टेकाडावर टाकंल का?"

शेजारच्या पुंजाने एकदा त्यांना न विचारता नदीकाठाला लावायची, पाणी भरपूर पण थोड्याच उंचीवर टाकणारी मोटर खोल बोअरसाठी आणली. ती नुसतीच घुमली, पाणी काही वर आलं नाही. त्यानंतर खंडेरावांचा मान आणखीच वाढला. पुंजाला टोमणा मारायची संधीही त्यांनी कधी सोडली नाही.

त्यांची मुलगी शुभांगी हीही त्यांच्या मानाचाच भाग होती. मेकॅनिकलची पदवी घेऊन ती अंबडच्या एका कारखान्यात लागली होती आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी चालवायची. गाडी जुनी, पांढरी एस्टीम. तिच्या इंजिनाला शुभांगीने आणि गॅरेजवाल्या कुंदनने मिळून टर्बो जोडला होता. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एवढं खंडेरावांना कळलं होतं. गाडी निघाली की टर्बोच्या शिट्टीवरून ते ओळखत आणि फुलांच्या वाफ्यातून मान वर करत.

पण मागच्या वर्षी घाटाच्या निम्म्यावरच ती शिट्टी थांबली होती. हवा वाढली, पेट्रोल पुरलं नाही, इंजिन तापलं आणि पिस्टनला भोक पडलं. गाडीचा पेट्रोल पुरवणारा मूळ पंप साध्या इंजिनासाठी दिलेला, त्याचा काय दोष? तो वितळलेला पिस्टन शुभांगीच्या आईने, सगुणाबाईंनी घासूनपुसून देवघरात ठेवला. भोकात उदबत्ती छान उभी राहायची.

"रोज दिसू दे तिला," त्या म्हणाल्या. आणि त्या उदबत्तीसमोरच त्यांनी लेकीकडून शब्द घेतला होता, की इंजिन पुन्हा फुटलं तर शर्यत बंद, गाडी विकायची.

यंदाही शर्यत पेठ रस्त्याच्या घाटातच होती. एकेक गाडी सोडायची आणि चढ कोण लवकर चढतं ते बघायचं. शर्यतीआधी मोठा पंप बसवायचा हे ठरलेलं होतं. पंपाचा विषय निघाल्यावर खंडेराव काय घरी बसणार? कुणाला न सांगता ते गाडीच्या सुट्या भागांच्या बाजारात मुंबईला गेले आणि परतताना फुलांच्या करंडीत एक खोकं घेऊन आले. ताशी किती लिटर हा आकडा त्या खोक्यावर लाल अक्षरात होता आणि दुकानातल्या बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा होता.

करंडी घेऊन ते थेट गॅरेजात गेले. त्यांना बघताच शुभांगीने टेबलावरचं एक लहान खोकं पायाने खाली सरकवलं. खंडेरावांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"ते काय गं?"

"काही नाही, अण्णा."

"ताईनं एक पंप निवडलाय," कुंदन म्हणाला. त्याच्या तोंडात काही राहत नसे.

"किती लिटरचा?"

"तुमच्या निम्म्यानं असंल."

खंडेराव मोठ्याने हसले. "निम्मा? एवढं शिकून पोरगी निम्मा पंप आणती? पाच हॉर्सपॉवरची लागत असली तर साडेसातची मोटर घ्यावी. आयुष्यात कधी पस्तावलो नाय मी."

शुभांगीने त्यांच्याकडे पाहिलं, मग खोक्यावरच्या लाल आकड्याकडे. खंडेरावांना वाटलं, आता वाद घालेल. पण ती हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तो बसवू अण्णा. फक्त आधी दोन्ही मोजू. आपण विहिरीवर मोटर मोजतो तसे."

ही गोष्ट त्यांना पटली. नवी मोटर आली की पाइपाखाली ड्रम ठेवायचा, घड्याळ लावायचं आणि चार माणसांसमोर तो भरायचा, ही त्यांचीच पद्धत. लहानपणी शुभांगी त्या ड्रमशेजारी घड्याळ धरून उभी असायची.

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि नळी मांडली गेली. नळीच्या तोंडाशी शुभांगीने दाबाचा काटा आणि धार कमीजास्त करायची एक चावी बसवली. घाटाच्या चढावर जेवढा दाब लागेल, तिथे तिने काट्याच्या तबकडीवर खूण केली.

"अण्णा, खिशातली विडी इकडं द्या," कुंदनने हात पुढे केला. "न्हाईतर तिघं सोबतच वर जाऊ."

पहिला मान मोठ्या पंपाचा. चावी पूर्ण उघडी होती. पेट्रोल असं उसळलं की कॅन बघता बघता भरला. खंडेरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग लहान पंप लावला. त्याचा कॅन रेंगाळत भरला.

"बघ," ते म्हणाले.

"बघितलं. पण ही उघडी नळी झाली," शुभांगी म्हणाली. "गाडीत टर्बो हवा कोंबतो. त्या हवेला मागे रेटून पेट्रोलला आत शिरावं लागतं. जेवढी हवा जास्त, तेवढा जोर जास्त. आता पंपाला तेवढा जोर द्यायला लावू."

मोठा पंप पुन्हा जोडून तिने चावी आवळायला सुरुवात केली. काटा चढू लागला आणि धार बारीक झाली. आणखी आवळल्यावर पंपाचा आवाज चिरका झाला आणि पेट्रोल नळीच्या तोंडाशी करंगळीएवढं उरलं. शुभांगीचा हात थांबला.

"राहू द्या, अण्णा."

"आवळ."

"कळलंय मला. कशाला..."

"आवळ म्हणतो ना."

तिने आवळली. काटा घाटातल्या चढाच्या खुणेला टेकला आणि पेट्रोल थेंब थेंब पडू लागलं. पंप घुमत होता नुसता. असा आवाज खंडेरावांनी आधी एकदाच ऐकला होता, पुंजाच्या बोअरवर.

लहान पंप त्याच खुणेवर लावला. मघाशी रेंगाळणारी त्याची धार जवळजवळ तशीच राहिली, आणि कॅन त्याच संथपणे काठापर्यंत भरला.

खंडेराव खाली उकिडवे बसले. "माझा नदीकाठचा हाय," ते म्हणाले. "सपाटीवर धो धो. अन् मी मुंबईला जाऊन दुकानदाराला एक गोष्ट विचारली नाय."

कुंदनने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"हस, हस लेका. पुंजाला तेवढं सांगू नको." मग ते लेकीकडे वळले. "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"संशय होता. खोक्यावर दाबाचं काहीच लिहिलेलं नव्हतं."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही करंडी इतकी जपून आणली होती." ती चावी पुसत राहिली. "आणि मोजल्यावर तुम्हीच बोलणार, हे ठाऊक होतं."

खंडेरावांनी टेबलाखालचं लहान खोकं स्वतः बाहेर ओढलं. "हा बसव. आजच."

शर्यतीच्या दिवशी घाटाच्या वरच्या वळणावर अर्धं मखमलाबाद जमलं होतं. सगुणाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. खालून शिट्टी ऐकू आली, तसे खंडेरावांनी डोळे मिटले. मोटर कानानेच कळते, असं ते नेहमी सांगत. मागच्या वर्षी जिथे शिट्टी तुटली होती ते वळण आलं. शिट्टी तुटली नाही. उलट चढ वाढला तशी ती बारीक, धारदार झाली, आणि पांढरी गाडी धुरळा उडवत त्यांच्या समोरून वर निघून गेली. तिच्या गटात तिच्याहून लवकर कुणीच चढलं नाही.

"देवघरात आता दुसरा पिस्टन नको बाई," सगुणाबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच टाळ्या वाजवू लागल्या.

पुंजाने खंडेरावांच्या पाठीवर थाप मारली. "पंप तुमच्या पसंतीचा ना? वाटलंच मला."

हो म्हणायला काहीच अडचण नव्हती. कुंदन तिकडे लांब, गाडीपाशी होता.

"माझ्या पसंतीचा घरी हाय, ट्रॅक्टरपाशी," खंडेराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बॅरलमधून डिझेल काढायला झकास. गाडीत हाय तो शुभांगीनं निवडलेला. मी तुझ्यासारखीच चूक करून बसलो होतो, पुंजा. इथून पुढं मोटर घ्यायची तर तिला विचारायचं."

वरून हेल्मेट काखेत घेऊन येणाऱ्या शुभांगीला पुंजाने गाठलं. "ताई, मळ्यातल्या नव्या बोअरला मोटर घ्यायचीय. कोणती घेऊ?"

तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. तिने एकदा अण्णांकडे पाहिलं.

"हेड किती, काका?" ती म्हणाली.