गटावरचे हात

वाल्मीकच्या पत्रात प्रश्न एकच होता. पत्र आषाढात आलं. दिवाळी तोंडावर आली तरी मी उत्तर दिलं नव्हतं.

त्याने लिहिलं होतं: "काका, मला गटातून काढायच्या आधी मी शेवटचं पाहिलं ते तुमचे जोडलेले हात. मला रेक्टरपदावरून दूर केल्याच्या निरोपाखाली ते होते. ते तुमचे नेहमीचे हात होते, की निर्णय पटला म्हणून जोडलेले? एवढंच कळवा. बाकी काही मागत नाही. फोन करू नका, फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता. लिहा."

नाशिकला गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, हरसूलकडच्या मुलांचं एक वसतिगृह आहे. एक संस्था ते चालवते. वाल्मीक तिथे आठवीत आला. दर रविवारी माझ्याकडून पुस्तक न्यायचा आणि पुढच्या रविवारी परत आणताना त्याबद्दल भांडायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, पण पुस्तकाशी इतकं मनापासून भांडणारा वाचक मला दुसरा भेटला नाही. पुढे तो त्याच वसतिगृहाचा रेक्टर झाला. मग उन्हाळ्यात कुणीतरी कमिटीला सांगितलं की तो ज्या महेशबरोबर खोली घेऊन राहतो, तो नुसता मित्र नाही. कमिटीने बोलावून विचारलं. वाल्मीक हो म्हणाला. त्याला काढलं.

फोनवर संस्थेच्या गटावर निरोप आला तो असा: "वैयक्तिक वर्तनाच्या कारणास्तव रेक्टर वाल्मीक यांना कार्यमुक्त करण्यात येत आहे. सर्व हितचिंतकांनी सहकार्य करावे." त्याखाली मी हात जोडले.

ही सवय मला इनायतने लावली. इनायत शिंपी आहे, माझा चाळीसेक वर्षांचा मित्र. पत्नी गेल्यावर पुतण्याने फोन घेऊन दिला, तेव्हा त्या गटांवर काय लिहावं हेच मला कळेना. इनायत म्हणाला, "काही आलं की हात जोडून टाक. वाढदिवस असो, मयत असो, पाणी येणार नसो. बात खतम." मी तेच करत आलो.

मग वाल्मीकला उत्तर देणं सोपं होतं. नेहमीचे होते, असं लिहायचं. मी तसं लिहायला बसलो आणि अडलो. कारण मी तो निरोप वाचला होता. "वैयक्तिक वर्तन" हे शब्द वाचून माझे कान गरम झाले होते. हा विषय पुढे वाढू नये असं मला वाटलं आणि मी हात जोडले. मग ते नेहमीचे म्हणायचे का? त्या विषयावरची दोन-तीन पुस्तकं मागवून वाचली. शब्दकोश काढून बसलो. मसुदे लिहिले, खोडले. एकात मी फार शहाणा वाटायचो, दुसऱ्यात फार बिचारा. पत्र टेबलावर राहिलं, वर पुस्तकं चढत गेली.

दसऱ्यानंतर सुवर्णाताई डबा घेऊन आल्या. त्या संस्थेच्या सचिव. माझ्या पत्नीच्या मैत्रीण, आणि मनाने खरंच चांगल्या. तिच्या आजारपणात रोज डबा आणायच्या.

संस्थेची दिवाळीची पद्धत अशी: प्रत्येक घराला एक मोठा स्टीलचा डबा ठरलेला, झाकणावर तैलरंगात घराचं नाव. दसऱ्यानंतर रिकामा डबा घरी येतो, वसुबारसेला भरून जातो, आणि सगळे डबे टेम्पोने हरसूलकडच्या पाड्यांवर पोचतात. डबे परत येतात तेव्हा प्रत्येकात ओंजळभर नागली, म्हणजे नाचणी, असते. पाड्यावरच्या बाया कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. आमची ही त्या नागलीची भाकरी करायची, पहिला घास देवापुढे ठेवायची. आमच्या घराकडे चिवडा. ती गेल्यावरही तो मीच करत आलो. पहिल्या वर्षी शेंगदाणे करपवले, तरी कुणी बोललं नाही.

"काका, यंदाही चिवडाच ना? आता काकूंचा हात उतरलाय तुमच्यात," असं म्हणत सुवर्णाताईंनी डबा ओट्यावर ठेवला. झाकणावर पत्नीच्या अक्षरावरून रंगवून घेतलेलं 'दातीर' होतं.

मी म्हणालो, "वाल्मीक कुठे असतो हल्ली?"

त्यांचा चेहरा उतरला. "गावी असेल. काका, माझं वैयक्तिक काहीच नाही हो त्याच्याबद्दल. गुणी मुलगा. पण मुलांचं वसतिगृह आहे. उद्या पालक काय म्हणतील, देणगीदार काय म्हणतील?"

"देणगीदार मीही आहे."

"मग तुम्ही काही म्हणालात का?" त्या रागाने नाही, खऱ्या कुतूहलाने विचारत होत्या. "कमिटीत मी म्हटलं होतं, दातीरकाकांना विचारू, त्यांचा तो लाडका. तेवढ्यात गटावर निरोप गेला आणि खाली तुमचे हात आले. मला वाटलं, चला, काकांनाही पटलं. मग मीसुद्धा नाही ताणून धरलं."

इतके महिने मला वाटत होतं की ते हात फक्त वाल्मीकने पाहिले.

"पटलं नव्हतं," मी म्हणालो. "त्याने कुठल्या मुलाला त्रास दिला? कुणाची तक्रार होती?"

"छे हो, तक्रार कसली! मुलं तर रडत होती."

"मग यंदा मी डबा भरत नाही. चेकही देणार नाही. त्याला परत बोलवा, मग या."

मी डबा उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि सवयीने झाकण उघडून पाहिलं. आत निदान चमचाभर साखर असेल असं त्यांना वाटलं असावं. काही नव्हतं. तळाच्या कडेला गेल्या वर्षीच्या नागलीचे चार दाणे अडकले होते.

"काकूंच्या नावाचा डबा आहे, काका," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "रिकामा नेऊ?"

मी नुसती होकाराची मान हलवली. जिना उतरताना डबा कठड्याला लागून वाजत गेला.

संध्याकाळी धीर करून गटावर लिहिलं: "यंदा मी डबा भरणार नाही. वाल्मीकला काढले, ते मला मान्य नाही." बराच वेळ काही आलं नाही. मग एकाने हात जोडले. त्याच्याखाली दुसऱ्याने, तिसऱ्याने. बघता बघता हातांची रांग लागली. त्यातले कुठले पटल्याचे आणि कुठले विषय संपवायचे, हे मला कळेना. कुणाला विचारायची माझी तरी काय लायकी!

दुसऱ्या दिवशी इनायत पेपर वाचायला आला. वसतिगृहातल्या मुलांचे दिवाळीचे शर्ट दरवर्षी तोच शिवतो, फुकट.

"डबा दिला परत?"

"दिला."

"खाली?"

"हो."

"भाभी असत्या तर आज तुला उंबऱ्याबाहेर जेवायला लागलं असतं." मग तो गंभीर झाला. "हे बघ, मी शर्ट शिवणार. मापं घेतलीत, एक पोरगा तर केवढा वाढलाय. पोरांनी काय केलंय? तू म्हणशील, इनायत, तूही थांब."

"मी काहीच म्हणत नाही."

"ते तर तुझं जुनंच आहे." त्याने पेपरची घडी घातली. "तू चुकलास असं नाही म्हणत मी. पण वाल्मीकला काय कळलं यातलं?"

"गटावर लिहिलंय की."

"दातीर, त्याला गटातून काढलंय."

मी टेबलावरच्या पुस्तकांकडे पाहत राहिलो.

चिवड्याचे पोहे आधीच आणलेले होते. ते भाजले, घरच्या छोट्या डब्यात भरले आणि हरसूलच्या बाजाराच्या दिवशी जुन्या सीबीएस स्टँडवरून एसटी पकडली. पत्रावर पत्ता होता त्याच्या आईचा, धोंडाबाईंचा. घर शोधावं लागलं नाही. त्या बाजारात बसतात हे वाल्मीक सांगायचा. विचारत गेलो, तर उडीद आणि खुरासणीच्या दोन ढिगांमागे त्या बसल्या होत्या. बाजूला सुलाबाई नावाच्या एक शेजारीण वाल विकत होत्या.

"तुमी पुस्तकवाले काका ना?" धोंडाबाईंनी मला चष्म्यावरून ओळखलं. "बसा. अय सुलाबाई, गोणपाट दे गं."

मी गोणपाटावर बसलो. "वाल्मीक आहे का घरी?"

"नाय. वापीला गेला, कंपनीत. दसऱ्याला बी नाय आला." त्यांनी ढीग उगाच सारखा केला. "हितं व्हता तवा रोज पोष्टात जायाचा. नाशिकवरून पत्र येनार हाय म्हनं. पोष्टमनच म्हनला शेवटी, बाबा, आलं तर मी घरी आनतो, तू नको हेलपाटे घालू. मंग नाय गेला."

कुणाचं पत्र, हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मी डबा पुढे केला. त्यांनी तो मांडीवर घेतला, उघडला नाही.

"एक इचारू? खरं सांगा," त्यांनी आवाज खाली आणला. "त्यानं तितं चोरी केली का वो?"

"चोरी?"

"गावात म्हनत्यात, पोरांचं रेशन इकलं म्हनून काढला. मी त्याला इचारलं. तर म्हनला, तसं समज, आये. म्हंजे केलीच ना?"

खरं कारण आईला सांगण्यापेक्षा त्याने चोर व्हायचं पत्करलं होतं. ते कारण सांगायचा हक्क माझा नव्हता. पण दुसरी गोष्ट सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "त्याने एका दाण्यालाही हात लावला नाही. वाईट असं काहीही केलं नाही त्याने."

"मंग का काढला?"

"ते तोच सांगेल, त्याला वाटेल तेव्हा. सांगेल तेव्हा रागावू नका त्याच्यावर. काढणाऱ्यांची चूक होती."

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"हो."

"तवापसून?"

"हो."

एक गिऱ्हाईक उडदाचा भाव विचारून निघून गेलं. मग त्या एकदम शेजारणीकडे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "सुलाबाई, ऐक, हे काका काय सांगत्यात. सांगा वो. मोठ्यानं सांगा. माज्याशी कानात बोलून काय उपेग?"

सुलाबाई वळल्या. पलीकडचा टोपलीवाला वळला. मी कॉलेजात नोकरी केली, पण चार माणसांपुढे कधी बोललो नाही. निरोप समारंभातही भाषणाचा कागद शिपायाच्या हाती दिला होता. मी उठून उभा राहिलो.

"वाल्मीकने चोरी केलेली नाही," मी म्हणालो. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणालो, "तो चोर नाही. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. वसतिगृहाशेजारीच राहतो मी."

"मंग इतके दिस कुटं व्हते?" टोपलीवाला म्हणाला.

कुणी हसलं नाही. मी खाली बसलो. धोंडाबाईंनी पदर तोंडाशी नेला होता. त्या रडत होत्या, पण आवाज नव्हता.

निघताना मी वाल्मीकचा पत्ता मागितला. त्याने दिवाळीसाठी पार्सलने लुगडं पाठवलं होतं. त्याच्या वेष्टणाचा कागद त्यांनी बसायच्या फडक्याखाली घातला होता. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता, वाल्मीकच्याच ठसठशीत अक्षरात. त्याच्या पत्त्याखाली महेशचंही नाव होतं. ते झाकायला त्यावर बोट ठेवून मी पत्ता उतरवला. धोंडाबाईंनी ते बोट पाहिलं, पण काही विचारलं नाही.

मग त्यांनी माझा चिवडा एका पातेल्यात ओतला, डबा पदराने पुसला आणि मागच्या पिशवीतून नागलीची ओंजळ त्यात घातली.

"राहू द्या," मी म्हणालो.

"रिकामा कसा देऊ?" त्या म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

पोस्टात आंतरदेशीय पत्र मिळालं. खिडकीजवळच्या बाकावर बसून, डबा मांडीवर घेऊन त्यावर लिहिलं. मसुदा केला नाही.

"प्रिय वाल्मीक, ते हात नेहमीचे होते. मी निरोप वाचला होता. मला लाज वाटली आणि विषय संपावा म्हणून मी हात जोडले. नेहमी त्यासाठीच जोडतो. निर्णय मला पटला नव्हता, पण माझे हात पाहून सुवर्णाताईही गप्प राहिल्या. हे तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. यंदा चिवडा दिला नाही, डबा परत केला. त्याने तुझं काही परत येत नाही. आज तुझ्या आईला आणि बाजारात सांगितलं की तू चोर नाहीस. दुसरं काही सांगितलेलं नाही. तू उत्तर दिलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. महेशला नमस्कार. दातीरकाका."

शेवटचा नमस्कार लिहून मी थांबलो. तो खोडावा असं वाटलं. मग राहू दिला.

पत्र चिकटवलं आणि बाहेरच्या लाल पेटीत टाकलं. आतून पोस्टमन डोकावला. "आजची डाक गेली, बाबा. आता उद्या निघेल."

"चालेल," मी म्हणालो.