उज्वलाबाईंचा ज

एका ज वरून सगळं बोंबललं.

मी अंबडला कंपनीत मशीनवर असतो. दगडावर कोरायचं व्हिडिओ बघून शिकलो, घरीच, मोरीच्या कट्ट्यावर. सराफ बाजारातले शेखरशेठ म्हणाले, "हर्षल, एक काम देतो. जमलं तर दुकानाचं सगळं कोरकाम तुझं." कंपनी सोडायची, एवढंच डोक्यात बसलं.

काम सोपं होतं. लॉकेटमध्ये बसवायचा हिरवा अकीक दगड. घासायचा, पॉलिश करायचा, वर नाव कोरायचं. चिठ्ठीवर लिहिलेलं, उज्वला.

सायली, माझी बहीण, चिठ्ठी बघून हसायला लागली. "दादा, चुकीचंय हे. दोन ज लागतात. उज्ज्वला. असं कोरलंस तर लोक तुलाच अडाणी म्हणतील."

पटलं मला. फोन करून विचारावं, हे काही सुचलं नाही.

आता ज्ज्व कोरून बघा तुम्ही. नखाएवढी जागा, त्यात तीन अक्षरं एकमेकांत घुसलेली. दगड पाण्यात, श्वास रोखलेला, आणि जरा हात हलला की संपलं. कंपनीतून आलो की रोज तेच. पण जमलं. इतकं बारीक मी आधी कधीच कोरलं नव्हतं.

उज्वलाबाई दुकानात आल्या. चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"छान कोरलंय. पण हे माझं नाव नाही."

"बाई, बरोबर असंच असतं. चिठ्ठीत चुकलं होतं."

"मला सांगतोस? जन्मभर मराठी शिकवलं मी." आवाज अजिबात चढला नाही, म्हणून जास्त लागलं. "घोटीला विहीर खणताना वडिलांना सापडलेला दगड आहे हा. शाळेत माझं नाव त्यांनीच लिहिलं, एका ज चं. त्यांना तेवढंच येत होतं. मी नाही बदललं, तू कशाला बदलतोस?"

शेखरशेठ म्हणाले, "तुला कोरायला दिलं होतं. पेपर तपासायला नाही."

दगडावर खोडरबर चालत नाही. एक अक्षर काढायचं तर अख्खा वरचा थर घासायचा. घरी येऊन धरला चकतीवर. आधी काना गेला, मग ल. ज्ज्व जाता जाईना. सगळ्यात खोल तेच कोरलं होतं ना मी.

"पण व्याकरणाने बरोबर होतं," सायली दारातून म्हणाली.

"तू गप बस."

परत कोरलं. उज्वला. दगड पातळ झाला, काम आधीच्या निम्मंही सुबक नाही. दुकानात बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. "हं. ही मी."

शेखरशेठनी पुढच्या दगडाची पुडी हातात दिली. वर माझं नाव लिहिलेलं, हर्शल.

माझा ष पोटफोड्या. सांगणार होतो, म्हटलं नको, आत्ताच वाचलोय. बाहेर आलो. पुडी गाडीच्या सीटवर ठेवली, पेन काढलं आणि तो श खोडला.